दुय्यम तोफांचा मजला

गोव्हनच्या गोदीत, तिसऱ्या मजल्यावर,
छताच्या काचांतून पडेल तेवढ्या उजेडात
आम्ही अकराजणी नकला काढायचो.
जहाजं आखणारे पुरुष शेजारच्या दालनात.
मधलं दार बंद. नकाशे यायचे भिंतीतल्या झरोक्यातून,
पंगतीतून उठवलेल्यांना आत ताटं सरकवावीत तसे.

खळ घातलेलं तलम लिनन,
त्यावर खडूची पूड चोळायची,
श्वास धरायचा
आणि रेघ सोडायची.

जहाज क्रमांक तीनशे एकाहत्तर.
पुढे दोन, मागे दोन, बारा इंची तोफा.
त्यांची नकल जुन्या ग्रिझेलबाईंकडे,
आणि मिस्टर कॅरदर्स रोज संध्याकाळी येऊन बघायचे,
घरातल्या कर्त्या मुलांकडे बघतात तसं.
माझ्या वाट्याला दुय्यम.
सहा इंची, नग बारा, दर कुशीला सहा,
पोलादी कोनाड्यांत बसवलेल्या,
वर दोन, खाली चार.
कोनाड्यात दिवा ठेवतात, एवढंच मला माहीत.
"टॉर्पेडोवाल्या होड्या अंधारात येतात," ते म्हणाले,
"थोरली एकदा खाकरते, तेवढ्यात ही पाचदा बोलते."

खालच्या कोनाड्याचा उंबरठा
पाण्यापासून अकरा फूट.

पाणी मीच काढलं.
चारशे फुटांचं जहाज, पन्नास इंचांचं कापड,
निळी शाई, लांब पट्टी,
या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात.
त्या दालनात समुद्र असाच असायचा.

एकदाच विचारलं मी, झरोक्यातून,
"अकरा फूट पुरतील ना, सर?"
"मिस गॅलब्रेथ," आवाज आला,
"तुमच्या टाकातली शाई वाळतेय."

त्यांचं गणित, काळ्या दगडावरची रेघ.
माझी, पाण्यावरची.

धाकटा डगल्ड त्याच जहाजावर गेला.
खालचा मजला, डावी कूस, तिसरी तोफ.
बिस्केच्या आखातातून पत्र आलं, कागद मिठाने कडक:
"एफी, इथे समुद्र जेवायला येतो.
वारं जरा उठलं की चारही झडपा दोरांनी आवळतो,
तरी गुडघाभर पाणी.
दुर्बिणीत डोळा घातला तर हिरवं, नुसतं हिरवं.
काल सरावात तोफ एकदाही उडाली नाही,
बादल्या मात्र दोनशे मोजल्या.
तुझ्या ऑफिसात विचार ना,
हे भोक इतकं खाली कुणी काढलं?"

मी लोकरीचे मोजे पाठवले.
लिहिलं, इकडे धुकं आहे,
आईचा खोकला बरा आहे.

मग काळ उलटला, म्हणजे फार नाही, सहा वर्षं.
नवी जहाजं आली, सगळ्या तोफा थोरल्याच,
आणि झरोक्यातून एक जुनं कापड परत आलं,
माझ्याच हाताचं.
खालच्या आठही कोनाड्यांवर तांबड्या पेन्सिलीची फुली.
तोफा काढा. पत्रा ठोका. नवी नकल करा.
कुणी रागावलं नाही. कुणी काही म्हणालंही नाही.
मिस्टर कॅरदर्स निवृत्त होऊन गुलाब लावत होते.
मी आठ उंबरठे गाळून
जहाजाची कूस पुन्हा सपाट काढली.
न काढलेल्या रेघेला
काढलेल्या रेघेपेक्षा जास्त वेळ लागतो.

बाद झालेलं कापड आम्ही घरी न्यायचो, सगळ्याच,
कोटाच्या आत पोटाशी गुंडाळून.
उकळत्या पाण्यात टाकलं की खळ सुटते,
खाली उरतं ते लोण्यासारखं मऊ.
ग्रिझेलबाईंनी थोरल्या तोफांचे रुमाल केले होते.
मी डगल्डच्या मुलीचं टोपडं शिवलं.

तो सुट्टीवर आला, लेकीला मांडीवर घेतलं.
डावा कान गेलेला, म्हणून उजवा माझ्याकडे करून म्हणाला,
"ही कडेची निळी नक्षी छान आहे गं."

तीनदा धुतलं होतं, तरी ती राहिली होती.
सरळ मात्र राहिली नव्हती.
कापड आटलं तशी
वर-खाली झाली होती जरा,
पाण्यासारखी.